चौथ्या गाण्यात कुकरची शिट्टी

ती शिट्टी काढता आली असती.
हेमांगने स्क्रीनवर दाखवलीही होती,
हिरव्या गवतात अचानक उभी राहिलेली एक रेघ.
"इथून इथपर्यंत. कापू?"
मी म्हणालो, राहू दे.
त्या दुपारी दुसऱ्या शिट्टीनंतर
माझा आवाज पहिल्यांदा फाटला होता.

सिडकोतली आमची मागची खोली.
खिडकीला दोन गोधड्या, दाराला एक,
पंखा बंद, मे महिना,
घामाने गिटारची मान हातातून निसटायची.
तरी बाहेरचा मेथीवाला आत यायचाच.
नीट कान दिलात तर पहिल्या गाण्यात आहे तो,
दहाला दोन, दहाला दोन.

पहिलं गाणं तीन वर्षांपूर्वीचं.
त्यात मी "आले" म्हणते.
बघा, आत्ताही "म्हणते"च उतरलं,
कारण ते म्हणणारी तीच आहे,
सुईत ओवायच्या आधी ओला केलेल्या दोऱ्यासारखा
तिचा आवाज.
"आले"ला एक काना दिला की "आलो" होतं.
एवढंच. एक उभी रेघ.
ती काढायला मला कॅनडा कॉर्नरच्या दवाखान्यात
दर एकवीस दिवसांनी जावं लागलं,
आणि सिस्टर दर वेळी विचारायच्या,
आज उजवी मांडी की डावी?

तिसरं गाणं फरहीनचं.
अकरा दिवस. त्यातले चार पावसाचे,
तीन ती चिडलेली.
बाराव्या दिवशी तिला पुण्याची नोकरी लागली
आणि ठक्कर बाजारच्या स्टँडवर ती म्हणाली,
तुझा आधीचा आवाज मला आवडायचा.
म्हणाली आणि ओशाळली,
जुना भाडेकरू कुठे गेला
असं नव्या भाडेकरूलाच विचारावं तशी.
मी खरं ते सांगितलं. पत्ता ठेवून नाही गेली.

सहावं निशीथचं, दीड मिनिटाचं.
द्राक्षांच्या हंगामापुरता आला होता तो
दिंडोरीकडच्या एका वायनरीत.
त्याने शिकवलं, गिळायची नाही,
तोंडात फिरवायची, थुंकायची,
मग जिभेवर काय उरलं ते बोलायचं.
मला जमायचं नाही, मी गिळून टाकायचो.
मार्च संपला, तोही गेला.
माझं नवं नाव मात्र पहिल्या दिवसापासून
एकदाही न अडखळता घेतलं त्याने.
गाणं ताणलं असतं तर खोटं झालं असतं.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते.
छपाई चुकलेल्या नोटा बाजूला काढायचे, तीस वर्षं.
बोटांना कळायचं म्हणतात, डोळ्यांच्या आधी.
दाढी आल्यापासून
ते माझ्याकडे पाहत नाहीत.
फक्त एकदा बाथरूममध्ये
त्यांचा जुना वस्तरा धुऊन ठेवलेला दिसला,
माझ्या ब्रशशेजारी.
त्याचं गाणं झालं नाही. दोनदा बसलो होतो.

सातव्यात ती आणि मी दोघं आहोत.
तिचा जुना टेक सापडला, हेमांग म्हणाला, खाली गा.
ती वर, मी खाली.
एका ओळीला ती श्वास घ्यायला थांबते,
मी नको तिथे पुढे जातो,
मग दोघंही चुकतो.
तो टेक आम्ही ठेवला.

आईचं अजून अडतं.
"गेलीस" म्हणवत नाही, "गेलास" जिभेवर येत नाही,
म्हणून ती मला तान्ह्या बाळाच्या व्याकरणात हाक मारते.
जेवलं का? दमलं का माझं?
शाळेत त्या लिंगाच्या नावाला आम्ही वर्गभर हसायचो.
आता वरणभाताबरोबर रोज ताटात असतं.

शेवटचं गाणं संपतं तेव्हा
रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं.
गोधडीमागून कडी वाजते.
"झालं का?"
चौदा सेकंद कोणीच काही बोलत नाही.
मग बाहेरच्या खोलीत बाबा
टीव्हीचा आवाज कमी करतात.