गंजी

नोव्हेंबर लागला की दोघांना बँकेत न्यायचं माझ्याकडं,
बेकिनकेऱ्याहून कॅम्पात, हयातीच्या दाखल्याला.
भाडं दोघंही देतात, पूर्ण पूर्ण.
एकमेकांचं धरत नाहीत.

लुमाण्णा भोगण मागं बसतो, मधोमध,
दोन्ही पाय पत्र्यावर असे रोवून
की उचगावच्या खड्ड्यातसुद्धा
टमटम हलते, म्हातारा हलत नाही.
पायदळ.
अंतर विचारा, पावलांत सांगतो.
"देवळापासनं शाळा आठशे चाळीस, गा."
शेताचा बांध त्यानं एकदा घातला तो घातला.
भावकी आली, मोजणीवाले आले, पाणी आलं,
बांध तिथंच.

ओमाणा पावशे पुढं, माझ्या सीटच्या कडेला,
अर्धा बाहेर.
हा रिसाल्यातला. बिल्ल्यावर घोडा, बुडाखाली जीप,
आणि काम काय, तर बघून यायचं.
लढायचं नाही. दिसायचं नाही.
मरायचं तर मुळीच नाही,
मेलेल्याच्या डोळ्यातलं नकाशावर उतरत नाही म्हणून.
अजून तसाच. जेवतानाही दाराकडं तोंड.
कुणाची म्हैस आटली,
हद्दीच्या दगडापलीकडं डिझेलचा दर काय,
कुठल्या पाटीला रात्री कुणी काळं फासलं,
याला आधी ठाऊक. सांगतो आणि सटकतो.
शेत भावानं खाल्लं.
"खाऊ दे की. तिथंच बसून काय करू?"

आणि गंजी दिसली की टमटम थांबवायला लावतो.
कुणाचीही असो.
उतरतो, भोवतीनं फिरतो,
काठी आत मुठीपर्यंत खुपसतो,
परत येऊन बसतो, गप.
पोरं म्हणतात, अंडी शोधतोय.
मीही तेच धरून चाललो होतो, अकरा वर्षं.

या खेपेला बँकेत लुमाण्णाचा अंगठा उठेना.
मशीन लाल. पुसला, पुन्हा लाल.
खोऱ्यानं रेघाच नेलेल्या.
काउंटरवरची पोरगी कन्नडमधनं म्हणाली, दुसरं बोट.
दहाही झाली.
"मग मेलोय म्हणून लिवा की," लुमाण्णा म्हणाला,
आणि हसला नाही.
तेव्हा ओमाणा रांग सोडून पुढं आला.
"डोळ्याचं मशीन हाय न्हवं तुमच्यात? डोळं घ्या त्याचं."
मग त्याचं मनगट धरून, हळू,
"हलू नको. तुला येतंय ते."

परतीला हिंडलगा सुटेस्तोवर कुणी बोललं नाही.
मग ओमाणा, रस्त्याकडं बघत,
"दोन सांगितल्या मी. तीन निघाल्या."
मला वाटलं, म्हशी.
"तिसरी मशीनगन गंजीत होती.
गंजी बघितली मी. मोजली नाही."
मागनं काही नाही.
"तुझ्यातलं किती गेलं, ते मला सुट्टीला आल्यावर कळलं,
गावात. चहाच्या टपरीवर.
आम्ही तवर पुढच्या नाल्याला."

सुळगा गेलं. उचगाव गेलं.
रताळ्याची पोती रस्त्याकडेला उभी होती,
एकावर एक कुत्रं झोपलेलं.
लुमाण्णानं घसा खाकरला.
"साठ पावलांवर होतो मी तिच्यापासनं.
साठ. मोजल्यात.
मलाबी गंजीच दिसली."

वळणावर नवी गंजी, भाताची, अजून पिवळी.
मी सवयीनं ब्रेक दाबला.
ओमाणा उतरला नाही.
उतरला लुमाण्णा. काठी मागून घेतली,
कुसळातनं चालत गेला, ओठ हलत होते,
बावीस झाली, मीही मोजत होतो.
काठी खुपसली नाही.
पाठ टेकवून उभा राहिला गंजीला
आणि तिथनंच हाक घातली,
"काय न्हाई गा हितं. लिवून घे."

ओमाणानं हात वर केला. कळलं, असा.

गावात भाडं दोघांनीही दिलं,
पूर्ण पूर्ण.