बुधवारची पिशवी

पाच कागदी पिशव्या, चुलीकडच्या भिंतीला.
पेन्सिलीनं वार लिहिलेले, सोम ते शुक्र.
हर्णैत मीठदेखील बरणीत पाझरतं,
म्हणून तिथे.

उपकेंद्रातून आली की कुंदा
मास्क दोऱ्यांनी धरून उतरवते,
त्या वाराच्या पिशवीत सोडते, हात धुते.
उकळायचा नाही, साबण नाही.
आठवडाभर नुसता पडू द्यायचा.
एवढंच औषध त्याला.

काल बुधवारवर फुली.
नाकावरची पट्टी सुटलेली.
मी जाळं शिवायची सुई पुढे केली.
तुमच्या जाळ्याला भोकं लागतात, म्हणाली,
ह्याला एकही चालत नाही.

मग बुधवारी?

ती सुकटीवरून मांजर हाकलत राहिली,
गालांवर दोन लाल वळ.
बुधवारी पाजपंढरीला लसीकरण असतं.

पिशवी तिनं रिकामीच
परत टांगली.