मेमो

अंबडला, पेंट शॉपमागे,
थिनरच्या पिंपांपासून अकरा पावलांवर
कारभारी सांगळे बिडी ओढताना सापडला.
तिसऱ्यांदा.

मी मेमो टाइप केला. नियम सात, पोटकलम ब.
सही करण्याआधी तो म्हणाला,
साहेब, तुम्ही सिन्नरचे ना?

हो.
आईच्या मांडीवर सूप,
पानं ओल्या फडक्यात,
कात्रीच्या ठेक्यावर माझे पाढे.
हजारातल्या शंभरेक
कारखानदार छाट म्हणून फेकायचा,
पैसे कापायचा.
माझी फी उरलेल्यातून.

सही झाली. एका दिवसाचा पगार कापला.
मग मीच त्याला गेटबाहेरचा निंब दाखवला.
इथं ओढ. जेवणाच्या सुट्टीत.

त्यानं बंडल पुढं केलं.
मी ओढत नाही.
तरी एक घेतली,
आणि दोऱ्याची गाठ
नखानं चाचपत राहिलो.