मेळ्याच्या मैदानावरचे कोन

मेळा उठून महिना झाला.
ग्वाल्हेरच्या या मैदानात अजून सापडतात
कुल्फीच्या काड्या, बांगडीचा हिरवा तुकडा,
आणि मोटारींचे तंबू होते तिथं
खुंट्यांची भोकं, ओळीनं.
त्यातल्याच एका तंबूतून चौदा वर्षांपूर्वी
करात सूट होती म्हणून आम्ही ही गाडी घेतली.
पांढरी, कारण पांढरी लगेच मिळत होती.
आज तिच्या दारावर चिकटपट्टीचा सत्तावीस.

सकाळी साडेसहाला सगळ्यांनी मार्ग पायी पाहिला.
मी वही नेली होती. कुशवाह हसला,
"मॅडम, गाड़ी में कॉपी नहीं खुलती."
बावीस वर्षं मी शाळेत कोन शिकवले,
लघुकोन, काटकोन, विशालकोन.
इथं कोन म्हणजे नारिंगी प्लास्टिक,
गुडघ्याएवढं, आतून पोकळ,
पाडलं की दोन सेकंदांचा दंड.
इतका महाग कोन
मी फळ्यावर कधी काढला नव्हता.

पहिली फेरी. हेल्मेट तोमरांच्या मुलाचं,
आत त्याच्या तेलाचा वास.
झेंडा पडला आणि डोक्यातली वही कोरी.
चौथ्यानंतर डावीकडे की उजवीकडे?
मी सरळ गेले, पार पाण्याच्या टाकीपर्यंत.
कुणी ओरडलं नाही.
वेळ टिपणाऱ्या मुलीनं तक्त्यावर रेघ मारली,
गैरहजर पोरांपुढे मी मारते तशीच.

दुसऱ्या फेरीला रस्ता आठवला,
पाय विसरला.
ब्रेक उशिरा, चाक लवकर,
गाडीचं नाक ऐकेना, टायर रडायला लागले,
तीन कोन आडवे, त्यातला एक
गाडीखाली अडकून शेवटच्या रेषेपर्यंत आला
खरडत, तक्रार करत.
कुशवाहनं टायरवर तळहात ठेवला,
ताप बघावा तसा.
"आप कोन को देख रही थीं."
बघायला नको? नाहीतर लागेल.
"देखती हैं, इसीलिए लगता है.
जिधर आँख, उधर गाड़ी."

मग पाडलेले कोन उभे करायची पाळी माझी.
ऊन चढलेलं, ओढणी तोंडावर.
तोमरांचा मुलगा आला तो धुळीसकट,
मागची चाकं आडवी, टाळ्याच टाळ्या.
त्याच्यानंतर दिघे, सत्तरीचे,
रेल्वेतून निवृत्त, जुनी आठशे.
वाटलं, हे काय, भाजी आणायला निघालेत.
हात जवळजवळ हलतच नव्हते.
माझ्यापासून दोन हातांवरून गेले,
पण नजर माझ्यावर नव्हती, कोनावरही नव्हती,
पुढच्या वळणाच्याही पुढे कुठंतरी
आधीच जाऊन बसली होती.
तक्ता पाहिला. तोमरांच्या मुलापेक्षा
दीड सेकंद कमी.

तिसरी फेरी.
ब्रेक सगळा सरळ रेषेतच संपवला.
कोन होता, डोळ्याच्या कडेला, नारिंगी डाग.
मी त्याच्या पलीकडची रिकामी जमीन पाहिली,
आणि गाडी वळली
नावानं हाक मारल्यासारखी.
एक्कावन्न पूर्णांक चार. सगळे कोन उभे.
अकरा जणांत नववी.

चौथ्या फेरीचं सांगत नाही.
हाव सुटली होती, एवढंच.

संध्याकाळी पडावच्या पुलावर टेम्पोमागे अडकले.
टेम्पोवर लिहिलेला शेर वाचला नाही,
त्याच्या शेजारची फट पाहत राहिले.
घरी ह्यांनी बंपरवरचा नारिंगी ओरखडा पाहिला,
बोटानं घासला, निघाला नाही.
"कुणी ठोकली?"
मीच, म्हटलं, आणि हसू आलं.

सोमवारी आठवी ब.
ओजस फळ्यापाशी, त्रिकोण अर्धा सोडवलेला,
तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलेलं.
खडू घेऊन मी त्या चुकीवर बोट ठेवणारच होते,
बावीस वर्षं तिथंच ठेवत आलेय.
तोही तिथंच बघत होता, घामाघूम.
मी म्हटलं, ओजस, शेवटी काय सिद्ध करायचंय ते वाच,
मोठ्यानं.
त्यानं वाचलं. खांदे जरा उतरले.
पुसून नव्यानं मांडलं.

उत्तर तरीही चुकलं.
पण या वेळी पुढच्या वळणावर.