पौंडाचा दगड

पळताना आईनं तराजू घेतला,
वजनं घेतली, एक सोडून.
पौंडाचं राहिलं मोहॉक खोऱ्यात,
दुकानाच्या फळीवर, पिठाच्या धुळीत,
राजाचा मुकुट कोरलेलं.

आईनं घेतला असं म्हणते मी.
उचलला होता फिबीनं,
जी आमच्या नुकसानीच्या यादीत होती,
घोडी आणि दोन गाईंच्या मधल्या ओळीत,
आणि हरवली तर मुळीच नव्हती.

दार फोडलं ते शेजाऱ्यांनीच.
ज्यांना बापानं वर्षभर मीठ उधार दिलं,
त्यांनी विचारलं, कुणाचा तू?
खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस, मेल्खियोर बाउडर,
म्हणाला, राजाचा.
एवढ्या एका शब्दावर आम्ही तीन वर्षं तंबूत काढली.

मग सपाट बुडाच्या होड्या, प्रवाहाविरुद्ध.
टोपीतून चिठ्ठ्या काढल्या.
बापाला आली ओढ्याच्या मुखाची जमीन,
जिथे आधीच कुणाच्या तरी चुली होत्या,
राख अजून उबदार.

गाव वसवायचं तर आधी माप हवं.
तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, दिवसभर,
डोळे मिटून, तळहातावर दगड तोलत,
एकेक परत नदीत टाकत.
संध्याकाळी एक करडा ठेवून घेतला,
पांढऱ्या शिरेचा.
खिळ्यानं त्यावर मुकुट कोरला,
तो दिसला कोंबड्याच्या तुऱ्यासारखा.
आई हसली. त्या साली ती एकदाच हसली.

त्या दगडानं पीठ तोललं, शिसं, खिळे,
भुकेच्या वर्षी झाडांच्या कळ्यासुद्धा.
मिसिसॉगांची वाबिगून बीव्हरची कातडी घेऊन यायची.
पहिल्याच दिवशी तिनं दगड हातात धरला,
बापाकडे पाहिलं,
दुसऱ्या हातात धरला,
काहीतरी बोलली.
आम्हाला ती भाषा येत नव्हती.
फिबीला थोडी यायची. ती चूल फुंकत राहिली.

बावीस वर्षांनी किंग्स्टनहून तपासनीस आला,
मखमलीच्या पेटीत पितळी वजनं घेऊन.
दगड दोन औंस जड निघाला.
बापानं वही काढली.
विकताना गेलं ते एका बाजूला मांडलं,
घेताना आलं ते दुसऱ्या.
दुसरी बाजू संपेचना.
मेणबत्ती विझल्यावरही तो बसून होता,
लेखणी कोरडी.

आता चौकात त्याचं नाव आहे, संगमरवरात.
फिबीला कुठे पुरलं ते मी जाणते,
तिथून हल्ली गिरणीच्या गाड्या जातात.
दगड मी दाराला लावते,
नदीचा वारा फार आपटतो.

लोक अजून म्हणतात, बाउडरचा पौंड.
चांगल्या अर्थानं की वाईट,
ते बघावं लागतं:
माणूस घेतोय
की विकतोय.