नमुना सही

यावलच्या पतसंस्थेत सतरा वर्षं
मी सह्या जुळवते.
केळीच्या चिकानं काळे पडलेले अंगठे
नाव वाचायच्या आधी ओळखते.
फेगडेनानांचा 'फ' दिवाळीपासून थरथरतो.
धाकट्यानं तो काढला
अगदी सुबक, एका दमात.
तिथंच सापडला.

फॉरेन्सिकचा फॉर्म आठवडाभर पर्समध्ये,
डब्याच्या तेलानं एक कोपरा आरपार दिसतो.
"आता मढी चिरशी का वं?" सासूबाई.
नाही हो, कागद.
खोटी मृत्युपत्रं, कुणाच्या तरी शेवटच्या चार ओळी.
त्या गप्प झाल्या, लसूण सोलत राहिल्या.

आज काउंटर मिटल्यावर सही केली
आणि सवयीनं
रुजू होतानाचं माझंच कार्ड काढलं.

जुळत नाही.
दुसऱ्या कुणाची असती
तर परत पाठवली असती.

सव्वासहाची एस्टी गेली वाटतं.