कानशिलाचं माप

एकोणतीस वर्षं जेल रोडवर चष्मे बसवतेय मी.
लोक डोळे घेऊन येतात,
माझी नजर कानशिलांवर.
काडी तिथूनच तर जाते.
घट्ट झाली की दुपारपर्यंत डोकं ठणकतं,
सैल झाली की नाक सोलतं.
गरम वाऱ्यावर धरायची, जराशी वाकवायची,
फुंकर घालून पुन्हा लावून बघायची.
अर्ध्या इंदूरच्या कानशिलांचा हिशेब
माझ्या अंगठ्यांत आहे.

यंदा माझाच चष्मा
मान वाकवली की काउंटरवर पडायला लागला.
स्क्रू आवळले, काड्या आत घेतल्या,
पुन्हा पडला.
गेंदालाल म्हणाला, "दीदी, फ्रेम ठीक है,
आप सूख गई हो."
आणि मालपाणी आंटी, दर वेळी तेच:
"बीमार थीं क्या?"

आजारी नव्हते.
आईसारखी दिसत होते,
एम. वाय.च्या खाटेवरच्या, शेवटच्या मार्चमधल्या आईसारखी.
बाम चोळताना अंगठा आत जायचा तिच्या,
वाटीत जावा तसा.
ती म्हणायची, जोरात चोळ गं,
हाड काही पळून जात नाही.

साकेतमधली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची.
नंबर उणे चार असावा,
डावी काडी केसभर वर. बोलले नाही.
"दात आवळा," म्हणाली. आवळले.
तिच्या बोटाखाली काहीतरी उठलं नि बसलं.
पांढऱ्या पेन्सिलीचं एक टिंब.
तिच्याकडे याला खड्डा म्हणतात,
आणि खड्डा भरायचा भाव ऐकला,
तीच एक सणसणीत कानशिलात बसली.

सुई थंड. मग दाब.
मग आतून करकर,
कुणी नवी चप्पल घालून डोक्यात फिरल्यासारखी.
डावीकडे एक, उजवीकडे एक.
"वर्ष, दीड वर्ष राहील. मग विरघळतं हळूहळू."
असं सांगून टाकणारी माणसं मला आवडतात.

दुसऱ्या दिवशी पोह्यांतली शेव दाताखाली आली
आणि दोन्ही बाजूंनी कळ गेली.
छप्पन्न वर्षं इथले पोहे खाते,
ते कानशिलांनी खातात हे ठाऊकच नव्हतं.

"अब अच्छी लग रही हो," मालपाणी आंटी,
"क्या खाया?"
"पोहे," मी म्हटलं.

शटर अर्धं ओढल्यावर
आरशासमोर अंगठा टेकवून पाहिला.
आत जात नाही.
घसरतो, बाहेरच राहतो,
दार लोटून घेतलेल्या घराबाहेर
पाहुणा उभा असतो तसा.
जरा वेळ तसाच धरून ठेवला.
बामचा वास मात्र आला, कुठून कोण जाणे.

चष्मा आता घट्ट बसतोय.
गरम वारा लावला, काड्या बाहेर घेतल्या,
दोन मिलिमीटर, बस.
माझ्या नावाच्या कार्डावरचं जुनं माप
गेंदालाल खोडायला निघाला होता.
राहू दे म्हटलं.
लागेल.